गुलब्याची अर्धी उडी

बुधवारी सकाळी देवडोंगरीच्या मेंढी प्रक्षेत्रावर गुलब्या नावाच्या कुत्र्यानं कुंपणावरून उडी मारली आणि तो वरच राहिला.

पडला नाही, अडकलाही नाही. वरच्या तारेपासून हातभर उंचीवर, पुढचे पाय पोटाशी घेऊन, मागचे ताणून आणि शेपूट सरळ ठेवून तो हवेत थांबला. तारेला त्याचा एक केसही लागलेला नव्हता. उडी म्हणून पाहिली तर उडी उत्तमच होती. फक्त ती संपत नव्हती.

उडीच्या परीक्षेला मैदानात तिघंच हजर होती. प्रक्षेत्राचे व्यवस्थापक बोधनकर साहेब, पुण्याहून आलेल्या परीक्षक डॉक्टर केळुसकर मॅडम, आणि गुलब्याला शिकवणारा म्हाळाप्पा गोरड. कागदोपत्री म्हाळाप्पा श्वानहस्तक होता. गावात त्याला कुत्रेवाला म्हणत.

केळुसकर मॅडमनी घड्याळ पाहिलं, गुलब्याकडे पाहिलं, आणि पुन्हा घड्याळ पाहिलं.

"उडी सुरू आहे," त्या म्हणाल्या.

"व्हय मॅडम," म्हाळाप्पा म्हणाला.

"कधी संपेल?"

"त्येच बघतुया."

बोधनकर साहेबांना वेगळीच काळजी. "मॅडम, हा हवेतला वेळ कामाचा धरायचा का?"

"उडी मारणं हे त्याचं काम आहे," मॅडम म्हणाल्या. "तो उडीत आहे, म्हणजे कामावर आहे."

साहेबांचं समाधान झालं. त्यांनी हवेतल्या गुलब्याकडे पाहून मान डोलावली आणि चहा सांगायला ते ऑफिसकडे गेले.

म्हाळाप्पाचं मात्र तोंडचं पाणी पळालं होतं. गुलब्या वर का थांबला हे तिथं फक्त त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून ते सांगण्यासारखं नव्हतं.

देवडोंगरी हा पावसानं वाळीत टाकलेला मुलूख. माणसापेक्षा मेंढरं जास्त, आणि मेंढरांपेक्षा दगड जास्त. पूर्वी प्रक्षेत्राचं कुरण मोकळं होतं. पुढे गवताला विसावा मिळावा म्हणून कुरणाचे गट पाडले आणि मधे काटेरी तारा ओढल्या. मेंढ्या फाटकातून जातात, मेंढपाळ फाटक उघडतो, सगळं रीतसर चालतं. लांडगा तेवढा फाटकाची वाट बघत नाही. तेव्हा राखणीच्या कुत्र्याला तारेवरून उडी मारता आलीच पाहिजे, असा नियम झाला. ज्याला येत नाही त्याचं निर्लेखन. म्हणजे मोडकी घमेली आणि गंजलेले पत्रे जसे मागेल त्याला देऊन टाकतात, तसंच त्या कुत्र्याचं करायचं.

गुलब्याला मागणारा आधीच तयार होता. अंकुश वीटभट्टीवाल्याला राखणीला कुत्रा हवा होता, आणि त्याच्या भट्टीवरचं कुत्रं एकदा खुंट्याला बांधलं की मरेपर्यंत सुटत नसे. अंकुश वाईट माणूस होता असं नाही. कुत्रं सोडायचं असतं हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. परीक्षेच्या दिवशी तो मोटारसायकल घेऊन फाटकाशी येऊन थांबला होता. हँडलला साखळी लटकत होती. नवीकोरी होती आणि उन्हात चांगली चमकत होती.

ती साखळी पाहिल्यापासून म्हाळाप्पा फाटकाकडे पाठ करून उभा होता.

आता कुत्र्याला उडी शिकवायची कशी, हे म्हाळाप्पाला कुणीही विचारावं. विचारलं नाही तरी तो सांगेच. आधी फळी जमिनीवर ठेवायची आणि तिच्यावरून नुसतं चालवायचं. मग वीतभर उचलायची. कुत्रं अंगानं पुरं भरल्याशिवाय उंची वाढवायची नाही, सांधे जातात. जेवण झाल्यावर उडी नाही. नख्या वाढू द्यायच्या नाहीत. तारेवर पोतं बांधून ठेवायचं, म्हणजे चुकलं तरी पोट फाटत नाही. आणि गळपट्टा काढायचा, कारण तो तारेत गुंतला तर कुत्र्याला फासच बसतो. एवढं सगळं तो चहाच्या टपरीवर इतक्यांदा बोलला होता की टपरीवाल्याच्या शेळीलासुद्धा ते पाठ झालं असावं.

एकाच गोष्टीबद्दल तो बोलत नसे, ती म्हणजे उतरणं.

गुलब्याच्या आधी म्हाळाप्पाकडे हौश्या होता. हौश्या उडीत वाघ होता, पण एकदा पलीकडे दगडावर उतरला आणि त्याचा पुढचा पाय मोडला. पाय पुन्हा सरळ झालाच नाही. म्हाळाप्पानं त्याला घरी नेलं आणि तो म्हातारा होऊन मरेपर्यंत सांभाळलं, पण तो लंगडत पाणी प्यायला उठला की म्हाळाप्पा दुसरीकडे बघे. मग गुलब्या आला. गुलब्याच्या पायाला काही होऊ द्यायचं नाही, असं म्हाळाप्पानं पहिल्या दिवशीच ठरवलं. आणि यावर त्यानं जो उपाय काढला, तो देवडोंगरीच्या कुत्रेवाल्यालाच सुचू शकतो.

तो तारेच्या पलीकडे उभा राही, दोन्ही हात पसरी आणि "हाप! ये माझ्या राजा!" अशी हाक मारी. गुलब्या धावत येई, तारेवरून झेप घेई, आणि म्हाळाप्पा त्याला वरच्यावर छातीशी झेलून घेई. मग दोघंही धुळीत लोळत. रोज सकाळी हाच तास. फळीवरून, बांबूवरून, शेवटी तारेवरून. गुलब्या वाढत गेला, म्हाळाप्पाच्या बरगड्या ठणकत गेल्या, पण गुलब्याचा पाय उडीनंतर जमिनीला असा कधी लागलाच नाही. आधी म्हाळाप्पाची छाती लागे, मग मांडी, मग सावकाश जमीन.

परीक्षेचा नियम असा की हस्तकानं अलीकडेच उभं राहायचं. हा नियम म्हाळाप्पानं वाचला होता. परीक्षेच्या दिवशी सकाळी वाचला होता.

त्यानं अलीकडूनच "हाप!" म्हटलं. गुलब्या शहाणा, हुकमाचा बंदा. धावला, उडाला, तारेच्या वर पोहोचला आणि त्यानं खाली पाहिलं. पलीकडे हात पसरून कुणीच नव्हतं. पुढं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि न सांगितलेलं काम गुलब्या करत नसे. या बाबतीत तो प्रक्षेत्रावरच्या बाकी कर्मचाऱ्यांसारखाच होता.

"मॅडम," म्हाळाप्पा धीर करून म्हणाला, "मी पलीकडं जाऊन झेलतो त्येला. दोन मिंटाचं काम हाय."

"झेलू शकता," मॅडम म्हणाल्या. "पण हात लागला की ती मदत झाली. मदत झाली की नापास."

म्हाळाप्पानं फाटकाकडे पाहिलं. अंकुशनं साखळी उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

"मग र्‍हाऊ द्या," म्हाळाप्पा म्हणाला.

गुलब्या राहिला.

परीक्षा सुरू असताना परीक्षकाला मैदान सोडता येत नाही, म्हणून केळुसकर मॅडमचा मुक्काम वाढला. रोज सकाळी त्या छत्री आणि खुर्ची घेऊन येत, कुंपणाशी बसत, वर पाहत आणि म्हणत, "उडी सुरू आहे." गावात लोक एकमेकांना भेटले की रामराम घालायच्या ऐवजी "काय, सुरू हाय का?" असं विचारू लागले. म्हाळाप्पा बांबूच्या टोकाला टोपली बांधून गुलब्याला भाकरी पोचवी. गुलब्या मान लांब करून खाई, पाणी पिई, शेपूट हलवी. तेवढ्यापुरता थोडा डोले आणि पुन्हा जागेवर येई. तारेखालून बांबू देणं ही मदत नव्हे, तो आहार आहे, असं मॅडमनी स्पष्ट केलं होतं.

आहाराचा खर्च कुठल्या गटात टाकायचा, यावर बोधनकर साहेब अडले. गुलब्याचं तोंड चौथ्या गटात होतं आणि बूड तिसऱ्यात. "ना तळ्यात, ना मळ्यात," ते कपाळाला हात लावून म्हणाले. शेवटी खातो तोंडानं, म्हणून खर्च चौथ्या गटात पडला. तिसऱ्या गटाला काय यायचं ते आपोआप येतच होतं.

मेंढ्यांनी मात्र कुणाला काही विचारलं नाही. त्या माळावर झाड कसलं ते नाही, दुपारी मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकं घालून उभ्या राहतात. हवेत कुत्रं आहे म्हटल्यावर खाली कुत्र्याएवढी सावली पडली. पहिल्या मेंढीनं त्या सावलीत डोकं घातलं, बाकीच्यांनी तिच्यामागे. दुपार कलली की सावली सरके आणि अख्खा कळप तिच्याबरोबर पाऊल पाऊल सरके. कळप इतका एका जागी यापूर्वी कधीच राहिला नव्हता. बोधनकर साहेबांनी ही सुधारणा म्हणून वर कळवली.

अंकुश रोज येत होता. आधी तो नुसता बघत बसे. मग त्याच्या डोक्यात वेगळंच शिरलं.

"आण्णा," तो म्हाळाप्पाला म्हणाला, "नापास करून टाका की. मला असंच पायजे. भट्टीच्या वर सोडतो हवेत. चारी बाजूला दिसंल त्येला. खुट्टा नगं, काय नगं. साखळी तेवढी चिमणीला बांधतो, म्हंजे वाऱ्यानं जायाचं न्हाई."

म्हाळाप्पानं रिकामी टोपली उचलली आणि घर गाठलं. त्या रात्री तो जेवला नाही.

त्याची बायको फुलाबाई तोंडाची फटकळ आणि हाताची सढळ. तिनं ताट तसंच झाकून ठेवलं आणि विचारलं, "आता काय झालं?"

"माझी चूक हाय," म्हाळाप्पा म्हणाला. "मी त्येला उतरायला शिकवलंच न्हाई. झेलत बसलो."

"त्यात नवं काय? सारिकाला स्कूटी शिकवताना काय केलंसा?"

हे कधीतरी निघणार हे म्हाळाप्पाला ठाऊकच होतं. मुलीला स्कूटी शिकवताना तो मागचं कॅरिअर धरून पळत असे. गावातून पळाला, कालव्यापर्यंत पळाला. पुढे तिला चांगली चालवता यायला लागली तरी सोडेना. लायसनच्या परीक्षेलाही हा मागून पळतच गेला, तेव्हा तिथल्या साहेबानं त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, की लायसन नेमकं कुणाला काढायचं आहे.

"आवं, पडली असती तर?" म्हाळाप्पा आताही म्हणाला.

"पडली असती, गुडघा फुटला असता, हळद लावली असती. तुमची भाषणं टपरीवर ऐकून लोकांच्या कानाला भोकं पडली. उडी अशी, उडी तशी! तुम्ही सोता कधी मारलीया का?"

खरं सांगायचं तर एसटीतून उतरतानासुद्धा म्हाळाप्पा दांडा धरून पाठमोरा उतरत असे, जणू विहिरीतच उतरतोय. कंडक्टर तोवर घंटीच्या दोरीला हात लावून ठेवी आणि बाकीचे उतारू आढ्याकडे बघत. आपण जन्मभर कुत्र्यांना उडी शिकवली, आणि आपली स्वतःची उंबऱ्याएवढीसुद्धा नाही, हे त्याला त्या घटकेला लख्ख दिसलं आणि त्याला हसू आलं. हसू आलं म्हणून भूक लागली. फुलाबाईनं ताट उघडलं.

"मग मारून दावा की त्येला," ती म्हणाली. "बघून तर शिकंल."

दुसऱ्या दिवशी त्यानं मॅडमना विचारलं. मॅडमनी बराच विचार केला.

"हात लावणं ही मदत आहे," त्या म्हणाल्या. "करून दाखवणं हे प्रात्यक्षिक आहे. प्रात्यक्षिकाला हरकत नाही."

"पण उडीचे सुरक्षा नियम पाळावे लागतील," बोधनकर साहेब म्हणाले. "ते कुंपणाला आहेत. कोण उडी मारतंय हे त्यात लिहिलेलं नाही."

नियम म्हाळाप्पाचेच होते, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. त्याला आधी जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून चालवण्यात आलं. मग वीतभर उचललेल्या फळीवरून. अंग पुरतं भरलेलं आहे, अशी मॅडमनी तपासून खात्री केली. जरा जास्तच भरलं आहे, असंही त्या म्हणाल्या. न्याहारी बंद झाली. नखं कापली गेली. गळ्यातला ताईत गुंतायला नको म्हणून काढून फुलाबाईच्या हातात दिला. कुंपणावर नवं पोतं बांधलं. सारा गाव जमला होता, आणि वर गुलब्या हे सगळं मोठ्या आस्थेनं पाहत होता. आपल्याला जे जे करायला लावलं ते ते हा आता करतोय, हे त्याला कळत असावं, कारण त्याची शेपूट एकसारखी हलत होती.

सरावाला पाण्याच्या हौदाचा काठ होता. म्हाळाप्पा काठावर चढला आणि तिथंच उभा राहिला. काठ कमरेएवढाही नव्हता. "उतरा की आण्णा!" लोक ओरडले. "उतरतो, उतरतो," म्हणत तो आधी खाली बसला, मग वळला, मग पोटावर घसरत, पाय चाचपत उतरला. कुत्र्याला शिकवायला निघालेला गुरू हौदावरून पालीसारखा उतरला, यावर गावानं पोट धरून हसून घेतलं. म्हाळाप्पाही हसला. मग पुन्हा चढला. गुलब्याच्या डोळ्यांत पाहिलं की त्याला फाटकाजवळची साखळी दिसे, आणि साखळी दिसली की काठ जरा बुटका वाटे. आठवडा उलटता उलटता त्याला काठावरून सरळ खाली उडी मारता येऊ लागली. गुडघे वाकवून, पुढच्या पायावर, म्हणजे त्याच्याकडे जे काही होतं त्यावर, भार घेऊन.

मग कुंपणाचा दिवस उजाडला.

सारिका आईला स्कूटीवर मागे बसवून घेऊन आली. गाडी लावली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "बाबा, खाली बघू नका. पलीकडं बघा."

"त्ये मीच शिकवतो सगळ्यांस्नी," म्हाळाप्पा म्हणाला आणि त्यानं लगेच खाली पाहिलं.

त्यानं धोतर खोचलं. मागे गेला. "हाप!" स्वतःलाच म्हणाला आणि धावत सुटला. चौपन्न वर्षांचा, पोट सुटलेला, गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला माणूस जितका धावेल तितका धावला, पाय रोवला, आणि उडाला. जमलेल्या लोकांच्या तोंडून एकदम 'हाऽ' निघालं, कारण उडी खरोखरच चांगली होती. तारेपासून हातभर वर गेली. आणि तिथं, गुलब्याच्या शेजारी, म्हाळाप्पानं सवयीनं पलीकडे खाली पाहिलं. हात पसरून कुणीच उभं नव्हतं.

तो थांबला.

वर वारा बरा होता. म्हाळाप्पाला लांबवर आपलं घर दिसलं आणि पत्र्यावर पडलेली आपली हरवलेली चप्पल दिसली, जिच्यावरून त्यानं शेजाऱ्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं. गुलब्याच्या अंगाचा ओळखीचा वास आला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच त्याच्या इतका जवळ होता.

"काय रं माझ्या राजा," तो म्हणाला. "लई वाट बघाय लावली व्हय तुला?"

गुलब्यानं त्याचा कान चाटला.

"गोरड," खालून मॅडमनी विचारलं, "प्रात्यक्षिक संपलं का?"

"न्हाई मॅडम. सुरू हाय."

गुलब्यानं म्हाळाप्पाकडे पाहिलं. मग म्हाळाप्पाच्या खाली पाहिलं. खाली नुसती माती होती. पुन्हा म्हाळाप्पाकडे पाहिलं. गुलब्याला फार गोष्टी येत नव्हत्या, पण एक गोष्ट त्याच्या अंगात मुरलेली होती. जो उडी मारतो त्याच्याखाली कुणीतरी उभं असतं. नसेल तर काहीतरी चुकलं आहे, आणि इथं दुसरं कुणी ते नीट करायला येताना दिसत नव्हतं.

गुलब्या उतरला.

आधी पुढचे दोन पाय टेकले, हलके, एकामागून एक. खांदे खाली गेले, पाठ वाकली, मागचे पाय आले, आणि दोन पावलं पुढे जाऊन धक्का जिरला. पुस्तकात काढून ठेवावं असं उतरणं. तो लगेच वळला, म्हाळाप्पाच्या बरोबर खाली येऊन उभा राहिला, पुढचे पाय फाकवले, छाती पुढं काढली आणि वर पाहू लागला.

मॅडमनी शिट्टी वाजवली. "उडी संपली," त्या म्हणाल्या. "विनामदत. उत्तीर्ण."

गावानं एकच गलका केला. मेंढ्या दचकून पांगल्या, कारण त्यांची सावली अचानक जमिनीवर येऊन उभी राहिली होती. अंकुशनं थोडा वेळ वाट पाहिली, मग साखळी गुंडाळून डिकीत टाकली आणि मोटारसायकलला किक मारली. तो वळणाआड जाईपर्यंत म्हाळाप्पानं वरून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला आनंदानं रडू फुटलं. गुलब्या आता सुटा राहणार होता, कुरणात धावणार होता, त्याचे चारही पाय शाबूत होते. याहून जास्त काही म्हाळाप्पाला नको होतं. हवेत रडू आलं की डोळे पुसायला दोन्ही हात मोकळे असतात, हेही त्याला तेव्हाच कळलं.

"उतरा आता," मॅडम म्हणाल्या.

"उतरतो. पन आधी त्येला बाजूला करा."

"का?"

"आवं, माझं वजन काय, त्येचं काय! त्येच्या अंगावर पडलो तर पाय र्‍हाईल का त्येचा?"

मग गुलब्याला बाजूला करण्याचे प्रयत्न झाले. सारिकानं भाकरी दाखवली. त्यानं भाकरीकडे पाहून शेपूट हलवली आणि पुन्हा वर पाहू लागला. बोधनकर साहेबांनी त्याला ओढायचं ठरवलं, पण गळपट्टा सुरक्षेसाठी काढलेला होता, धरायचं कशाला हा प्रश्न आला. कुणीतरी लांडगा आल्याची आवई उठवली. गुलब्यानं एक कान फिरवला, शहानिशा केली आणि कान पुन्हा जागेवर आणला.

"उत्तीर्ण कुत्रा फक्त आपल्या हस्तकाचा हुकूम ऐकतो," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच सांगा त्याला."

म्हाळाप्पानं घसा साफ केला. "गुलब्या! बाजूला हो!"

गुलब्या आनंदानं आणखी थोडा मधे सरकला.

"अरं, बाजूला! बाजूला हो, माझ्या राजा!"

'माझ्या राजा' हे शब्द त्याच्या ओळखीचे होते. त्यानं छाती आणखी पुढे काढली.

म्हाळाप्पानं खाली जमलेल्या माणसांकडे एकदा पाहिलं. मग ओशाळं हसून म्हणाला, "मॅडम, बाजूला व्हायचं मी त्येला शिकवलंच न्हाई. मला सोताला कुठं येतंय!"

मॅडमनी छत्री मिटली. "मग शिकवा."

"हितनं?"

"उडी त्याला येते, उतरणंही येतं. एवढंच राहिलंय. तुमच्याकडे वेळ आहे."

बोधनकर साहेब पुढे झाले. "मॅडम, यांना कामावर दाखवायचं की रजेवर?"

"शिकवत आहेत, म्हणजे कामावर," मॅडम म्हणाल्या. हस्तकाला परीक्षा नसते, तेव्हा त्यांचं तिथलं काम संपलं होतं. जीपमध्ये बसता बसता त्यांनी सवयीनं वर पाहिलं आणि म्हणाल्या, "उडी सुरू आहे."

लोक हळूहळू पांगले. मेंढ्या परत आल्या, नव्या सावलीचा त्यांनी अंदाज घेतला, जुनीपेक्षा ऐसपैस आहे असं पाहून तिच्यात डोकी घातली. ऊन उतरायला लागलं तेव्हा स्कूटीचा आवाज आला. सारिका चालवत होती, मागे फुलाबाई टोपली आणि बांबू घेऊन बसली होती. कॅरिअर कुणीही धरलेलं नव्हतं. म्हाळाप्पानं ते वरून पाहिलं आणि गाडी थांबेपर्यंत श्वास रोखून धरला.

"पिठलं केलंय," फुलाबाई खालून म्हणाली. "किती दिस र्‍हायचा इचार हाय?"

"त्ये त्येच्यावर हाय."

"तुम्ही उडी मारायची आन् त्येनं ठरवायचं!" तिनं टोपली बांबूला बांधली आणि वर उचलली.

"फुले, थांब," म्हाळाप्पा म्हणाला. "आधी त्येला घाल. सकाळधरनं उभा हाय बिचारा."